सोजरची खाट

दुपारचे चार वाजायला आले होते. मी व्हरांड्यात चादरी वाळत घालत होते. फाटकापाशी जीप थांबली आणि तीन माणसं उतरली. पुढं फेटा बांधलेला म्हातारा, त्याच्यामागं चाळिशीचा गडी आणि सगळ्यांत मागं डोक्यावरचा पदर दातांत धरलेली बाई. बाईच्या हातात पत्र्याची बादली होती. ती माझ्याजवळून गेली तेव्हा वास आला. बादलीत शेण होतं, सारवायला कालवलेलं.

एस्तेर सिस्टर वॉर्डाच्या दारातच उभ्या होत्या.

"बादली कशाला?"

"सारवायला," म्हातारा म्हणाला. "आमची वहिनी हाय हितं, सोजर. तिला खाली घ्यायचीया. तुमचाच निरोप आला."

"भेटायला या, असा निरोप होता."

"न्हाय बाई. 'वेळ झाली, खाली घ्यायला या,' असा आला." म्हाताऱ्यानं मागं वळून गड्याला विचारलं, "काय रं भागवत?"

"व्हय. दुकानात फोन आलता, म्याच घेतला. बाईमानूस हुतं."

मी ओल्या चादरीच्या आड झाले.

आमचं ते घर गावाबाहेर, बार्शी रस्त्याला होतं. फाटकावर मोठ्या नावाची पाटी होती, पण लोक त्याला 'बारा खाटा' म्हणायचे. मोठ्या दवाखान्यानं हात टेकले की माणसं आमच्याकडं यायची. आमच्याकडून बरं होऊन कुणी जात नसे आणि तसं कुणाला खोटं सांगायचंही नाही, असा नियम होता. दुखणं कमी करायचं, अंग स्वच्छ ठेवायचं, दर दोन तासांनी कूस बदलायची, तोंड ओलं ठेवायचं. माणूस बोलायला लागला की हातातलं काम ठेवून ऐकायचं. डॉक्टर आठवड्यातून दोनदा येत. बाकी सगळा भार एस्तेर सिस्टरांवर. त्या साळवे, नगरकडच्या. अंगानं काटकुळ्या, बोलायला तिखट. मी तिथं मावशी. माझं नाव चांगुणा, पण ते हजेरी घेताना तेवढं ऐकू यायचं. वय बावन्न आणि अक्षर एक येत नव्हतं.

सोजर आमच्याकडं आली माघात. सगळा जन्म वीटभट्टीवर गेलेला. पिशवीचा कॅन्सर कंबरेच्या हाडात उतरला होता. जीपमधून उतरवताना ती ज्या आवाजात ओरडली, तो आवाज मी पुढं कितीतरी दिवस विसरले नाही. सिस्टरांनी तिला मॉर्फिनचं औषध चालू केलं, दर चार तासांनी, घड्याळाच्या काट्यावर. तिसऱ्या दिवशी ती सहा तास सलग झोपली. उठली, तर गादीवर तळवा फिरवत बसली. म्हणजे पडल्या पडल्याच.

"सिस्टर, ही खाट माजी का?"

"तुमचीच."

"दुसरं कोन येऊन बसनार न्हाय?"

"कोण बसणार?"

"आमचा सासरा. मेलाय तो, पर आला तर?"

सिस्टर थर्मामीटर झटकत म्हणाल्या, "आला तर त्याला स्टूल देऊ."

सोजर इतकी हसली की कंबर दुखून रडायला लागली आणि रडता रडता परत हसली. मग तिनं आम्हाला हिशोब सांगितला. घरात बाज एकच. तिच्यावर आधी सासरा बसे, तो गेल्यावर नवरा, नवरा गेल्यावर थोरला मुलगा. बाईनं बाजेला टेकायचं नाही, पुरुषमाणूस समोर असताना तर नाहीच. फक्त बाळंतपणात बाज मिळायची, खाली शेकशेगडी ठेवून.

"भागवतच्या येळंला पुरं बारा दिस गावले. सकूच्या येळंला बारा. धाकट्याच्या येळंला आठव्या दिशी सासूनं उठिवलं. भट्टीवर मानूस कमी पडलं म्हनून." तिनं बोटं मोजली. "बत्तीस दिस. सगळ्या जल्मात बत्तीस दिस बाजंवर निजले मी. बाकी भुईच."

आमच्याकडं केसपेपरला एक जास्तीचं पान असायचं. माणूस शुद्धीवर असताना सिस्टर त्याच्याजवळ बसून विचारायच्या, शेवटी कोण जवळ हवं, तोंडात काय घालायचं, देवाचं काही म्हणायचं का, काय अजिबात नको. सांगेल ते लिहून घ्यायच्या, पुन्हा वाचून दाखवायच्या आणि खाली अंगठा किंवा सही घ्यायच्या. एका साक्षीदाराचीही.

सोजरनं सांगितलं, "मेल्यावर काय करायचं ती करू द्या त्यांना. पर जीव हाय तवर मला खाली घिऊ नगा."

सिस्टरांनी लिहायचं थांबवलं. "सोजरबाई, तुमच्यात जीव जायच्या आधी सारवलेल्या भुईवर खाली घेतात. घरचे ऐकतील?"

"न्हाय ऐकायचे."

"मग?"

"मग तुमी हायसा की."

सिस्टरांनी ते लिहिलं. वाचून दाखवलं. सोजरचा अंगठा घेतला. शाईचं डबडं माझ्यापुढं केलं. मी अंगठा दिला.

पण मला ते पटलं नव्हतं. माझा नवरा सरकारी दवाखान्यात लोखंडी खाटेवर गेला होता. मी बाहेर औषधाच्या रांगेत होते. सासू वर्षभर माझ्या नावानं बोटं मोडत होती की तुझ्यामुळं माझ्या लेकाचा जीव अधांतरी गेला, ना आभाळात ना भुईत, अजून घराभोवती फिरतोय. रोज ऐकलं की माणसाला खरं वाटायला लागतं. मलाही वाटायचं. संध्याकाळी दारात पान हललं तरी मी दचकायची. सोजरवर माझा जीव जडला होता. तिचं असं काही होऊ नये, एवढंच माझ्या मनात होतं.

त्या दिवशी सकाळी सोजरचा श्वास बदलला. सिस्टर म्हणाल्या, "आज रात्र किंवा उद्या सकाळ. मावशी, ऑफिस उघडायला वेळ आहे. हा नंबर घेऊन बूथवर जा, त्यांच्या गावात दुकानात फोन लावा. म्हणावं, भेटायला या." मी गेले. फोन उचलला गेला. आणि मी 'भेटायला' म्हटलं नाही.

म्हणून ती बादली आली होती.

सिस्टर दारातून हलल्या नाहीत. म्हाताऱ्याला सगळे तात्या म्हणत होते. तो सोजरचा धाकटा दीर. भागवत तिचा थोरला मुलगा आणि बादलीवाली त्याची बायको, कौसा.

"आत जाऊन भेटा," सिस्टर म्हणाल्या. "बोला तिच्याशी, तिला ऐकू येतं अजून. पण तिला हलवायचं नाही. तिनं सांगून ठेवलंय."

"तिनं?" तात्या हसला. "आमची वहिनी सांगनार? चाळीस वर्सांत तोंड वर करून बोलली न्हाय ती."

"इथं बोलली."

"बाई, तुमी किरिस्ताव. तुमाला आमच्यातलं काय कळायचं?"

"नाही कळत. मला तिचं कळतं, कारण तिनं सांगितलंय. तुम्हाला तुमच्यातलं सगळं कळतं, तर ती किती दिवस बाजेवर निजली ते सांगा बघू."

तात्याला हा प्रश्नच कळला नाही. "डाक्टर कुठं हाय? डाक्टरला बोलवा."

डॉक्टर सोलापूरला होते. ऑफिसातून तात्यानंच फोन लावायला लावला. आधी तोच बोलला, जोरजोरात. मग रिसीव्हर सिस्टरांच्या हातात आला. मी दाराशी होते. मला एकीकडचंच ऐकू येत होतं.

"हो सर... कळतंय सर. संस्थेचं नाव, हो... नाही सर, तोंडी ऑर्डर मी घेत नाही. तुम्हीच शिकवलंय. तुम्ही या, केसपेपरवर 'पेशंटला खाली घ्या' असं लिहा आणि सही करा. मग मी स्वतः उचलून ठेवते... बरं. माझ्या नोकरीचं उद्या बोलू."

रिसीव्हर ठेवून त्यांनी पदर खोचला आणि पुन्हा वॉर्डात आल्या. आम्ही सगळे मागोमाग.

सोजरची खाट खिडकीशी होती. डोळे अर्धे मिटलेले, तोंड उघडं. एक श्वास यायचा, मग वाट बघायला लागायची, मग दुसरा यायचा. भागवत पायापाशी उभा राहिला. त्याला आईकडं नीट बघवत नव्हतं. सिस्टरांनी केसपेपर उघडून ते पान त्याच्यापुढं धरलं.

तात्या मधे आला. "कागद तुमचा, अक्षर तुमचं. बेसूद बाईचा अंगठा कवाबी उठिवता येतो."

"साक्ष आहे खाली."

"कुनाची?"

सिस्टर वळल्या. "मावशी, पुढं या."

मी पुढं गेले. मी काही बोलायच्या आतच भागवत म्हणाला, "बोला की मावशी. जरा बोला." मी "काय बोलू?" एवढंच म्हटलं.

"ह्याच त्या! तात्या, ह्यांनीच फोन केलता. ह्योच आवाज."

तात्या टाळी वाजवल्यासारखा हसला. "घ्या! तुमची साक्षच म्हनतीया, खाली घ्या म्हनून. आता बोला सिस्टरबाई."

सिस्टरांनी माझ्याकडं बघितलं. मी त्या घरात अकरा वर्षं काम केलं होतं. किती मेलेल्यांचे डोळे मिटले, किती नातेवाइकांच्या शिव्या खाल्ल्या. पण त्या नजरेपुढं जशी उभी राहिले, तशी कधी राहिले नव्हते. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "तुमचं तुम्ही सांगा, मावशी." आणि केसपेपर मिटून काखेत धरला.

तेव्हा मला एक गोष्ट कळली. आता कागद मिटलेला होता. त्यात काय आहे ते वाचून दाखवणारं कुणी नव्हतं. जे काय होतं ते माझ्या तोंडात होतं.

"फोन मी केला," मी म्हटलं. "सिस्टरांनी 'भेटायला बोलवा' म्हटलं होतं. 'खाली घ्यायला या' हे माझं, माझ्या मनचं. मला भीती वाटली म्हणून. अजून वाटते."

"झालं की मग," तात्या म्हणाला.

"झालं नाही. अंगठाही माझाच आहे. आणि हिनं काय सांगितलं ते मला वाचता येत नसलं तरी पाठ आहे." माझा आवाज चढला. इतका चढला की पलीकडच्या खाटेवरचे मास्तर उशीवरून मान उचलून बघायला लागले. "ती म्हणाली, जीव हाय तवर मला खाली घिऊ नगा. ती म्हणाली, भागवतच्या येळंला बारा दिस बाज गावली, सकूच्या येळंला बारा, धाकट्याच्या येळंला आठव्या दिशी सासूनं उठिवलं, भट्टीवर मानूस कमी पडलं म्हनून. बत्तीस दिस. बाकी भुईच. हे सिस्टरांनी रचलं म्हणता? नगरच्या सिस्टरांना तुमच्या घरातली बाळंतपणं काय ठाऊक?"

भागवत हलला नाही. पण त्याचा चेहरा उतरला. धाकट्याच्या वेळचा तो पाच-सहा वर्षांचा असणार. आई आठव्या दिवशी डोक्यावर विटा घेऊन चालायला लागलेली त्यानं बघितली असणार.

"बडबड ऐकत उभा नगं ऱ्हाऊ," तात्या म्हणाला. "जीव अधांतरी गेला तर सात पिढ्यांला भोवंल. धर. मी पाय धरतो, तू काखंत हात घाल."

भागवतनं हात घातले. सिस्टरांनी त्याला अडवलं नाही. मला वाटलं, आता ह्या अडवतील, आता ओरडतील. त्या नुसत्या खाटेच्या डोक्याशी जाऊन उभ्या राहिल्या.

भागवतनं आईला जरा उचललं. सोजरच्या घशातून आवाज निघाला. पहिल्या दिवशीचा तोच. आणि तिचा उजवा हात, जो सकाळपासून मेल्यासारखा पडला होता, तो सरकत सरकत खाटेच्या लोखंडी पट्टीपाशी गेला आणि पट्टीला धरून बसला.

"हात सोडिव तिचा," तात्या म्हणाला.

"हो, सोडवा," सिस्टर म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता, औषधाची वेळ सांगावी तसा. "मी सोडवणार नाही. मावशी सोडवणार नाहीत. तिचा हात तुम्हालाच सोडवावा लागेल, भागवत. एकेक बोट उचला. घाई करू नका, हाडं ठिसूळ आहेत."

भागवतनं एक बोट उचललं. करंगळी. सोडल्यावर ती हळूच परत पट्टीवर जाऊन बसली. त्यानं दुसऱ्यांदा उचलली. ती पुन्हा जाऊन बसली. तिसऱ्यांदा त्यानं हात पुढं केला आणि तसाच थांबला.

"आरं बघतुयास काय?"

"माज्याच्यानं हुईना, तात्या."

"बाजूला हो मग. मी हाय अजून."

तेव्हा बादली फरशीवर टेकल्याचा आवाज झाला. कौसा इतका वेळ दाराशी उभी होती, ती पुढं आली. दातांतला पदर तिनं सोडला. खाटेला वळसा घालून ती पायथ्याशी आली, तात्याच्या आणि सोजरच्या मधे. आणि खाटेवर बसली. सासूचे पाय तिनं मांडीवर घेतले, दोन्ही हातांनी धरले आणि तात्याच्या तोंडाकडं बघत राहिली.

तात्या खेकसला, "कौसा! ऊठ. मोठी मानसं उभी हायती."

"दिसतंय."

"खाटंवर बसतीस व्हय माज्याम्होरं?"

"बसले की. आन् आता उठायची न्हाय." मग ती कोपऱ्याकडं मान करून म्हणाली, "तात्या, तितं स्टूल हाय बगा. बसायचं आसंल तर घ्या."

सासरा आला तर त्याला स्टूल द्यायचं, हे कौसाला कुणीही सांगितलेलं नव्हतं. सिस्टर आणि मी एकमेकींकडं बघितलं. त्यांच्या ओठाचा कोपरा हलला. लगेच सरळ झाला.

तात्या स्टुलावर बसला नाही. फेटा सावरत बाहेर गेला. जीपचं दार आपटलेलं ऐकू आलं. भागवत मात्र थांबला. अंधार पडायच्या आत सिस्टरांनी त्याला ओला कापूस कसा धरायचा ते शिकवलं. तो आईचे ओठ ओले करत बसला. कौसा उठली नाही. जेवण मी तिला तिथंच, खाटेवर नेऊन दिलं.

सोजर दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता गेली. ऊन खिडकीतून गादीवर आलं होतं. हात पट्टीवरच होता. तो सोडवताना सिस्टर तिच्याशी बोलत होत्या, जिवंतपणी बोलायच्या तसंच, "झालं हं सोजरबाई, आता सोडा." आमच्याकडं ती एक्केचाळीस दिवस होती. जन्मभराच्या बत्तीसावर एक्केचाळीस.

बादली तिथंच राहिली. ते शेण मी पपईच्या झाडाला घातलं.

डॉक्टरांनी सिस्टरांना मेमो दिला. सिस्टरांनी तो वाचला आणि सोजरच्याच केसपेपरला टाचून ठेवला. मला मात्र कुणीच काही बोललं नाही. चार दिवस सिस्टर माझ्याशी कामापुरतं बोलल्या. पाचव्या दिवशी चादरीच्या घड्या घालताना मीच विषय काढला.

"सिस्टर, चुकलं माझं."

"अंगठा दिलात तेव्हा कशाला देताय ते कळलं होतं?"

"कळलं होतं."

"मग?"

"पटलं नव्हतं."

सिस्टरांनी चादरीचं टोक माझ्या हातात दिलं. "मावशी, पटवून घ्यायला कुणी सांगितलं होतं? मी तुम्हाला साक्ष मागितली होती." घडी घालून झाल्यावर म्हणाल्या, "उद्यापासून दुपारी एक तास माझ्याकडं बसायचं. पाटी मी आणते. पुढच्या वेळी अंगठा चालणार नाही."

बावन्नाव्या वर्षी मी पाटी धरली. पेन्सिल धरायची म्हणजे झाडू धरल्यासारखी मूठ वळायची. सिस्टर बोटांवर टिचक्या मारायच्या. सोजरच्या पानावरची पहिली ओळ वाचायला मला पाऊण वर्ष लागलं. वाचली तेव्हा कळलं, सिस्टरांनी तिचं बोलणं जसंच्या तसं लिहिलं होतं, 'खाली घिऊ नगा' असंच. शुद्ध करून लिहिलं नव्हतं.

आता मी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. त्याच घरात, खिडकीपासून दुसरी खाट. हृदय मोठं झालंय म्हणतात. एस्तेर सिस्टर जाऊन सहा वर्षं झाली. आता रुबिना सिस्टर असतात. गेल्या सोमवारी त्या ते जास्तीचं पान घेऊन माझ्याजवळ बसल्या. मी म्हटलं, "पेन इकडं द्या. मी लिहिते."

लिहायला वेळ लागला. त्यांनी मोठ्यानं वाचलं. 'शेवटचा श्वास लागला की मला खाली घ्या. फरशीवर शेणाचा हात फिरवा. मला भुईवर जायचं आहे.'

रुबिना सिस्टर थांबल्या. "मावशी, सोजरबाईंची गोष्ट तर तुम्हीच आम्हाला सांगता."

"तिची ती. हे माझं."

"फरशी गार असते."

"ठाऊक आहे. सव्वीस वर्षं मीच पुसली."

"मुलगा पुण्याहून येऊन भांडेल. असलं काही करू देणार नाही, म्हणाले होते ते मागं."

"पुढं वाचा की."

त्यांनी पुढची ओळ वाचली आणि हसू आवरेना. 'माझा मुलगा नको म्हणेल. त्याला स्टूल द्या.'

खाली मी सही केली. पूर्ण नाव, चांगुणा भिवा कसबे. मग सिस्टरांनी विचारलं, साक्षीला कोणाला बोलावू?

मी वनिताचं नाव सांगितलं. ती इथली आताची मावशी, बारावी शिकलेली. तिला हे शेणाचं, भुईचं, काहीसुद्धा मान्य नाही. सकाळीच माझ्याशी कडाकडा भांडून गेली होती. म्हणून तर तिला बोलावलं. ती आली, पान दोनदा वाचलं, माझ्याकडं डोळे वटारून बघितलं आणि सही केली.